नवसीचा दिवस

रस्त्याच्या कामाचा कॅम्प, मस्कतच्या पुढं
ता. २० फेब्रुवारी १९९३

प्रिय राही,

तुझ्या हातचं पत्र पोचलं. पाकीट बघून आधी वाटलं सुहासिनीबाईंनीच लिहिलंय, पण त्यांचं अक्षर मला पाठ आहे, बारीक आणि सरळ रेघेत. हे अक्षर डोंगर चढल्यासारखं वर गेलेलं आणि शेवटी कागद संपला म्हणून खाली घसरलेलं. तेव्हाच कळलं. बाकीची माणसं इस्पितळात छताकडं बघत पडतात, आणि तू शेजारच्या खाटेवरच्या ह्या मास्तरीणबाईंकडून लिहावाचायला शिकलीस. माझी आश्रमशाळेत चौथी झाली, त्यातली निम्मी वर्षं मी पळून जाण्यात घालवली. आजवर माझी पत्रं तुला सुहासिनीबाई वाचून दाखवायच्या, म्हणून मी हवापाणी आणि तब्येत एवढंच लिहायचो. हे पत्र त्यांना दाखवू नकोस. बाहेर व्हरांड्यात जा, बाकावर बस आणि सावकाश वाच. अडलं तर पुढं जा, पण कोणाला विचारू नको.

तू लिहितेस की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर तुला सोडणार. वाडीवर न जाता आधी उल्हासनगरला उतरून नवसीला बालकाश्रमातून घेणार, मगच घरी. तिच्यासाठी लाल लोकरीचं टोपरं विणलंयस. राही, तिकडं जाऊ नकोस. नवसी तिथं नाही. घाबरू नको, ती जिवंत आहे, धडधाकट आहे. ती परदेशात आहे. नोव्हेंबरात विमानानं गेली. तिथं तिला नवीन आईबाप मिळालेत. हे वाक्य मी दोनदा खोडलं, दुसऱ्या कागदावर परत लिहिलं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते लिहिता येत नाही.

तू विचारलंस, ती दिवसभर काय करते, काय खाते, कोणाजवळ झोपते. ते मला सगळं ठाऊक आहे. बालकाश्रमातल्या कुमुदिनीबाई आठवतात ना, चष्मेवाल्या, माझ्याबरोबर तुझ्या वॉर्डात आल्या होत्या त्या. अंबरनाथला राहतात, त्यांचे मिस्टर ऑर्डनन्समध्ये ऑफिसर. नव्या आईबापानं दर दोन-तीन महिन्यांनी पोरीचा अहवाल पाठवायचा, असा कोर्टाचा नियम आहे. मी बाईंना चार पत्रं लिहिली, हातापाया पडलो, तेव्हा त्यांनी घरी बसून त्या अहवालाचं मराठी करून मला पाठवलं. हे नियमात बसत नाही, कोणाला बोलायचं नाही, असं वर लिहिलंय. देशाचं नाव, गावाचं नाव, त्या माणसांचं नाव काही नाही. नुसता तिचा दिवस. दोन कागद आहेत, एक डिसेंबरचा, एक ह्या महिन्यातला. मला दोन्ही तोंडपाठ आहेत, म्हणून तुला सांगतो.

आपल्याकडे साडेअकरा वाजतात तेव्हा तिथं सकाळचे सात. नवसी सातला उठते. उठली की रडत नाही, हाक मारत नाही. खाटेत उठून बसते आणि कोणी येऊन उचलेपर्यंत तशीच बसते. पहिल्या आठवड्यात त्या घरातल्या बाईला वाटायचं पोरगी अजून झोपलीय, आणि दार उघडावं तर ही अंधारात डोळे उघडे ठेवून बसलेली. ही सवय बालकाश्रमातली. तिथं बारा खाटा आणि एक बाई, रडून कोण येणार? आपल्या घरात ही डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. बनूबाई पलीकडच्या घरातून ओरडायची, उठली गो तुमची महाराणी!

मग दूध आणि ओटची पेज. ओट म्हणजे काहीतरी धान्य असणार, पेज हा शब्द कुमुदिनीबाईंनी माझ्यासाठी घातलाय. उंच खुर्चीत पट्टा लावून बसवतात. पोट भरलं तरी ती पाव मुठीत धरून ठेवायची, सोडायचीच नाही, आणि मग तो उशीखाली सापडायचा. त्यांनी तो कधी हिसकावला नाही. तिच्या खाटेजवळ एक वाटी ठेवली आणि त्यात कायम पावाचा तुकडा. महिन्याभरानं तिनं लपवणं सोडलं. हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

नऊला एकावर एक चार कपडे चढवतात, नाक तेवढं बाहेर. बाप तिला लाकडाच्या घसरगाडीवर बसवून बर्फातून ओढत नेतो. ती हसते, असं लिहिलंय. दुपारचं जेवण झालं की बाबागाडीत घालून घराच्या बाहेर झोपवतात. त्या थंडीत, उघड्यावर! माझं डोकंच फिरलं. मी बाईंना लिहिलं, बाई, ही कसली माणसं, पोर मारायला नेली की काय. त्यांचं उत्तर आलं की सखाराम, तिकडे सगळेच लहान पोरांना असंच बाहेर झोपवतात, आत पिसांची दुलई असते, आई खिडकीतून सारखी बघत असते. आणि खाली एक ओळ होती, तुमचा जीव तुटतो ते समजतं, पण असे प्रश्न विचारायचा अधिकार आता तुमचा राहिला नाही. बाई वाईट नाहीत. त्यांनी ते हळूच लिहिलंय, बारीक अक्षरात.

साडेतीनला तिथं अंधार पडतो. खिडकीत मेणबत्त्या लावतात, नवसी त्या फुंकायला धावते. पाचला उकडलेला बटाटा, मासा. मासा तिला फार आवडतो, काटे काढून देतात. मग आंघोळ. टबात बसवली की ती किंचाळायची, हातपाय झाडायची, आणि त्यांना कळेना का. त्यांना कसं कळणार, की तू तिला ओट्याच्या दगडावर बसवून तांब्यानं घालायचीस, एक हात कपाळावर आडवा धरून. एकदा तो बाप स्वयंपाकघरातला मग घेऊन आला, टबाबाहेर उभी करून खांद्यावरून पाणी ओतलं, तशी ही गप्प. आता रोज तोच मग लागतो. त्यानं ती बाहुलीलाही आंघोळ घालते.

सातला झोप. तिची खोली वेगळी आहे, पण झोप लागेपर्यंत ती बाई तिच्याशेजारी आडवी होते. पुढचं लिहू की नको असं चाललंय. लिहितो, कारण लपवून लपवूनच आपण इथवर आलो. अहवालात लिहिलंय, झोपताना ती आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरते. ते वाचून मी क्षणभर तुलाच बघितलं, तुझा डावा कान, त्यातली ती वाळी, जी धरून धरून तिनं वाकडी केली होती. मग कळलं की इथं आई म्हणजे दुसरी.

आणखी एक. डिसेंबरच्या कागदात त्यांनी पाच शब्द लिहून पाठवले होते, जे ती बोलायची आणि त्यांना कळत नव्हते. भाकर, नको, पाणी, तुला मारायची ती बाय अशी हाक, आणि उचल. बाईंनी त्यांना अर्थ कळवले. ह्या महिन्याच्या कागदात ते लिहितात, आता तिला ते शब्द लागत नाहीत, ती आमच्या भाषेत मागते.

इथं मी कसा आहे ते काय सांगू. डांबराच्या गाडीमागं दिवसभर फावडं. सोबतीला एक मलबारी कुक आहे, हिंदी तोडकीमोडकी, पण माणूस चांगला. तो विचारतो, सखा, तू सारखा घडी क्यों देखता है, तेरा कौनसा ट्रेन छूट रहा? इथले दहा म्हणजे तिथले सात. दहाला मी फावडं खाली ठेवतो. ती उठून बसली असेल. फोरमन शिव्या देतो. दुपारी तीनला ती बर्फात झोपली असेल, आणि माझ्या डोक्यावर असलं ऊन, की डांबर बुटाला चिकटून येतं. पूर्वी मी कुठं टिकत नव्हतो, तुला ठाऊक आहे. पालेगावची वीटभट्टी दोन हंगाम, मग अंबरनाथला केमिकलच्या पिंपांचं काम, मग उल्हासनगरला पँटी शिवायच्या कारखान्यात धागे कापायला. तिथला सिंधी शेठ बोलायचा, अरे सखा, तेरे पैर में चक्का लगा है क्या, एक जगह बैठ ना साईं! आता मी बसलोय, दहा महिने एका जागी, कारण उठून जायला कुठली जागाच उरली नाही.

तुला दोष लागेल असं काही वाटून घेऊ नको. तू खोकत होतीस तेव्हाच मी बघायला पाहिजे होतं. भट्टीच्या धुळीचा खोकला आहे, पावसात बसेल, असं मीच बोललो. कुळगावच्या बाजारात तू तांदळाचं गाठोडं खाली ठेवून भिंतीला धरलंस आणि पदराला रक्त लागलं, तेव्हा नवसी सव्वा वर्षाची होती. दोन पोटातच गेली, तिसरी नवसानं राहिली, म्हणून नाव नवसी. इस्पितळात डॉक्टर बोलले, पोर हिच्याजवळ ठेवायचं नाही. बनूबाई माझी सख्खी मोठी बहीण, पण तिची पाच पोरं आणि एक खोली. वाडीवर तर नवसीला कोणी उचलीना, क्षयाच्या घरातली पोर म्हणून. बनूबाईनं तिची ताटली वेगळी दाराबाहेर ठेवली, आणि पोरगी त्या ताटलीशी बाहेर बसून जेवायची. ते मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन उल्हासनगरला गेलो.

तिथं कुमुदिनीबाईंनी कागद समोर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. त्या बोलत होत्या आणि मी हो बाई, हो बाई करत होतो. आपल्याला तशी सवयच आहे. जूनमध्ये माझा बा आश्रमशाळेत यायचा, गुरुजी कागद पुढं करायचे, बा हो गुरुजी, हो गुरुजी करून अंगठा द्यायचा आणि मला सोडून जायचा. दिवाळीला यायचा, घेऊन जायचा. मेमध्ये परत. कागद म्हणजे तेवढंच. पोर ठेवायचं, सरकार भात घालतं, सणाला आणायचं. मी सही केली ती तशीच. हे मी आजवर सगळ्यांना सांगितलं, बनूबाईला, कुकला, आणि स्वतःलाही. हे निम्मं खरं आहे.

मग एजंटनं मला इकडं पाठवलं, तुझी औषधं आणि टॉनिकं इथल्या पगारावर चालतील म्हणून. मे महिन्यात बनूबाईनं भीमाकडून पत्र लिहून घेतलं. तिचा थोरला, सातवीत आहे, त्यानं जसं ती बोलली तसंच लिहिलं. राहीचं काय खरं नाय, रक्त थांबंना, तू मनाची तयारी ठेव, आम्ही ठेवलीय. जूनमध्ये कुमुदिनीबाईंचं रजिस्टर पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मन बदललं तर पोरगी परत न्यायला तीन महिन्यांची मुदत असते, ती ह्या तारखेला संपते, तुमचं काय ते लगेच कळवा. मी ते वाचलं. सगळं समजलं, एक अक्षर अडलं नाही. घडी करून पेटीत घातलं आणि उत्तर पाठवलं नाही. कारण राही, मी तुला मनात जाळून आलो होतो. तुझं क्रियाकर्मही मनात करून झालं होतं. तू नाहीस, मी कुठं एका जागी टिकणारा नाही, मग पोरीला त्या ताटलीशी कोणाच्या दारात बसवू? असा हिशोब केला. आणि खरं सांगायचं तर पेटीला कुलूप लावलं तेव्हा मला हलकं वाटलं. थोडा वेळच, पण वाटलं.

जुलै संपता संपता सुहासिनीबाईंचं पत्र आलं, राहीचा ताप गेला, वजन वाढतंय, कालपासून स्वतःच्या पायानं नळापर्यंत जाते. कॅम्पमध्ये सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. कुकनं शेवयांची खीर केली. मी शेडमागं जाऊन बसलो. मुदत संपून तीन आठवडे झाले होते, पण नवसी अजून उल्हासनगरलाच होती. नोव्हेंबरपर्यंत होती. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. एका पत्राचं काम होतं. रोज वाटायचं आज लिहू. लिहिलं तर बाई विचारणार, मग जूनमध्ये का गप्प होता? तू विचारणार. त्या एका प्रश्नाला भिऊन मी तीन महिने काढले, आणि पोरगी विमानात बसली. जाताना ती रडली नाही, असं बाईंनी लिहिलंय. कोणाच्याही कडेवर जायची ती तोवर.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. तू अंगठा दिलास त्या दिवशी आपण तिघं होतो, तू, मी आणि कुमुदिनीबाई. वॉर्डात शिरायच्या आधी बाईंनी मला बाहेर थांबवलं आणि तिसऱ्यांदा समजावलं. त्या बोलल्या, सखाराम, नीट ऐका, ही शाळा नाही, सणाला पोरगी परत मिळणार नाही, ती दुसऱ्या कोणाची होईल, हे बायकोला तुमच्या भाषेत सांगा. तेव्हा मला समजलं होतं. पूर्ण समजलं होतं. आणि आत येऊन मी तुझ्या कानाशी बोललो, आश्रमशाळेसारखंच आहे गं, दिवाळीला आणू. बाईंनी तुला विचारलं, मनापासून ना? परक्या माणसांसमोर नवऱ्याच्या अगोदर आपल्या बायका तोंड उघडत नाहीत, तू माझ्याकडं बघितलंस, मी मान हलवली, तू मान हलवलीस. बाईंना वाटलं तू कबूल आहेस. त्या फसल्या, तू फसलीस, मी एकटा शुद्धीवर होतो. ह्या पाकिटात दुसरा एक कागद आहे. त्यात हे सगळं जसंच्या तसं लिहून खाली सही केलीय, कुक आणि फोरमन साक्षीला आहेत. कुमुदिनीबाईंनी कळवलंय की ती माणसं अजून नुसती सांभाळणारी पालक आहेत, कायद्यानं आईबाप नाहीत, तिकडच्या कोर्टात दत्तक पक्कं व्हायला ऑक्टोबर उजाडेल. तू हा कागद बाईंना नेऊन दिलास तर त्यांना तो कोर्टात दाखवावाच लागेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुरुंगात घाला. कदाचित नवसी परत येईल. आली तर ती तुला ओळखणार नाही, तिला आपली बोली येणार नाही, कोणाच्या तरी कानासाठी ती रात्रभर रडेल, आणि तिकडं एक बाई खिडकीतून रिकाम्या अंगणाकडं बघत बसेल, जिनं आपलं काहीच वाईट केलं नाही. आणि तू कागद चुलीत घातलास तर कोणाला कधीच कळणार नाही, ती सातला उठत राहील आणि तू वाडीवर एकटी उठत राहशील. दोन्हीतलं बरोबर कुठलं ते मला सुचत नाही, आणि सुचलं तरी सांगणार नाही. एकदा तुझ्या वतीनं मी ठरवलं, त्याचं हे झालं. तेव्हा त्या खाटेशी वाकून जे विचारायला पाहिजे होतं ते एका वर्षानं इतक्या लांबून विचारतोय. राही, नवसीला त्या लोकांना द्यायचं का?

तुझं उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
सखा